लग्नाचं शूटिंग आणि साडीचा फोटो एकाच कॅमेऱ्यात : सुरतमधल्या नवख्यांनी पैसे मोजण्याआधी काय तपासावं?

सुरत : उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर नवापूर स्टेशन लागतं. स्टेशनचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. याच रुळांवरून खानदेशातली हजारो कुटुंबं सुरतेत आली आणि लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा भागांत स्थिरावली. पहिली पिढी लूमवर, डाइंग मिलमध्ये किंवा रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये राबली. पुढच्या पिढीतली काही पोरं आता कॅमेऱ्याकडे वळली आहेत. दिवसा मार्केटमधल्या दुकानदाराच्या साड्यांचे फोटो आणि रील, रात्री समाजातल्या हळदी-लग्नाचं शूटिंग, असं दुहेरी काम ती करतात.

या दुहेरी कामामागे साधा हिशेब आहे. चातुर्मासात लग्नं नसतात. गुजराती घरांत पौषाच्या सुमारास कमूर्ताचा महिनाही कोरडा जातो. पण दिवाळीआधीच्या महिन्यांत कापड मार्केट जोरात असतं आणि नवीन मालाचे फोटो हवेच असतात. एक काम थंडावलं की दुसरं हात देतं. म्हणजे फोटो आणि व्हिडिओ दोन्ही नीट जमणारा कॅमेरा इथे चैनीची वस्तू नाही, त्यावर बारा महिन्यांची चूल चालते. तो बहुतेक वेळा हप्त्यावर घेतलेला असतो. निवड चुकली तर लग्नातली सप्तपदी पुन्हा मिळत नाही, साडीचा रंग चुकला तर माल परत येतो आणि हप्ता मात्र दर महिन्याला सुरूच राहतो.

'दोन्ही जमतं' याचा अर्थ काय

२००८ मध्ये निकॉनच्या डी९० ने डीएसएलआरमध्ये पहिल्यांदा व्हिडिओ आणला. त्याच वर्षी आलेल्या कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टूने फुल एचडी व्हिडिओ दिला. तेव्हापासून लग्नातले मोठे व्हिडिओ कॅमेरे मागे पडत गेले. आज दुकानात दिसणारा जवळपास प्रत्येक कॅमेरा फोटोही काढतो आणि व्हिडिओही. त्यामुळे 'दोन्ही जमतं का?' हा प्रश्न दुकानदाराला विचारून उपयोग नाही. उत्तर 'हो' असंच येणार.

खरा प्रश्न वेगळा आहे. फोटोवरून व्हिडिओवर गेलं की हा कॅमेरा काय काय सोडून देतो? कमी किमतीच्या कॅमेऱ्यांत कंपन्या काटछाट करतात ती नेमकी इथे. डब्यावर '४के' ठळक छापलेलं असतं. ते ४के कोणत्या अटीवर मिळतं हे आतल्या माहितीपत्रकात असतं.

पहिली तपासणी : चित्र किती आवळतं?

काही कॅमेरे ४के व्हिडिओ घेताना सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात. याला क्रॉप म्हणतात. कॅनन आर१०० चं उदाहरण घ्या. किटमधली लेन्स १८ एमएमची. कॅननच्या या आकाराच्या सेन्सरवर फोटोत तिचा आवाका फुल फ्रेमवरच्या साधारण २९ एमएम लेन्सइतका मिळतो. पण ४के सुरू केलं की सुमारे १.५५ पट आणखी क्रॉप होतो आणि तीच लेन्स ४५ एमएमसारखी वागते.

लिंबायतच्या गल्लीत मांडव घातलेला आहे, मागे भिंत, पुढे पाहुणे, असं असताना हे फार अडतं. फोटोत नवरा-नवरी, आई-वडील आणि मामा सगळे मावतात, व्हिडिओत मामा बाहेर जातात. मागे सरकायला जागा नसते. कॅनन २००डी मार्क टू आणि एम५० यांतही ४के असंच आवळलेलं आहे.

सोनी झेडव्ही-ई१० सेकंदाला २५ फ्रेमच्या ४केमध्ये सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो; ३० फ्रेमवर मात्र १.२३ पट आवळतो. निकॉन झेड३० आणि कॅनन आर५० हे दोन्ही ३० फ्रेमपर्यंत पूर्ण रुंदीत ४के देतात. या तिन्हींत सेन्सर स्वतः हलून चित्र स्थिर ठेवण्याची सोय नाही. सॉफ्टवेअरचं स्टॅबिलायझेशन चालू केलं की चित्र आणखी आवळतं. म्हणून गिंबल, मोनोपॉड किंवा स्थिरीकरण असलेली लेन्स यांचा खर्च आधीच धरून ठेवावा.

दुसरी तपासणी : फोकस चेहऱ्यावर टिकतो का?

आर१००, एम५० आणि २००डी मार्क टू यांत फोटो आणि फुल एचडीसाठी चांगला ऑटोफोकस आहे. ४केमध्ये तो चालत नाही; त्याजागी जुन्या पद्धतीचा, चाचपडत पुढे-मागे होणारा फोकस येतो. वरात चालत पुढे येत असताना चेहरा धूसर-स्पष्ट-धूसर होत राहतो. एडिटिंगमध्ये हे दुरुस्त होत नाही.

पण याच गोष्टीत एक स्वस्त वाटही आहे. व्हिडिओ जर शेवटी व्हॉट्सअॅपवर आणि मोबाइलच्या पडद्यावरच बघितला जाणार असेल, तर फुल एचडी पुरतं. कॅनन ८०डी हा २०१६ चा कॅमेरा ४के देतच नाही. पण फुल एचडीत त्याचा फोकस भरवशाचा आहे, माइक आणि हेडफोन दोन्ही लावता येतात आणि बॅटरी टिकते. बजेट अगदीच कमी असेल तर वाईट ४केपेक्षा जुन्या कॅमेऱ्याचं चांगलं फुल एचडी बरं.

तिसरी तपासणी : किती वेळ चालतो?

जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एक क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांनी बंद पडते. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रांवर वेगळं आयातशुल्क लागायचं, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. नव्यांपैकी आर५० एका वेळी तासभर, तर झेड३० सव्वाशे मिनिटांपर्यंत रेकॉर्ड करू शकतो. कागदावरचा आकडा एक आणि मे महिन्यातली सुरत दुसरी. हॉलचा एसी बंद पडला, वर मांडवाचे दिवे तापले, की लहान अंगाचे कॅमेरे गरम होऊन बंद पडू शकतात. झेडव्ही-ई१० च्या मेन्यूत तापमानाची मर्यादा वाढवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी बदलून ठेवावी.

कार्डाचाही हिशेब हवा. ४के व्हिडिओ १०० एमबीपीएसने घेतला तर सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाला साधारण ४५ जीबी जागा लागते. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांत भरतं. कार्डावर 'व्ही३०' ही खूण असावी. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. स्वस्तात मिळालेलं नकली कार्ड ऐन मंगलाष्टकांत दगा देतं.

चौथी तपासणी : आवाज कुठून घेणार?

कॅनन १५००डी आजही 'पहिला कॅमेरा' म्हणून खूप जण घेतात. फोटोसाठी तो ठीक आहे, पण त्याला बाहेरचा माइक लावायला भोकच नाही. दुकानदार साडीची माहिती बोलून सांगतोय आणि मागे मार्केटमधली हमाल, लिफ्ट, हॉर्न यांची गडबड, अशा ठिकाणी कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर काम भागत नाही. आर५०, झेड३० आणि झेडव्ही-ई१० या तिन्हींना माइक लावता येतो. हेडफोन लावून आवाज ऐकण्याची सोय मात्र या तिघांत फक्त झेडव्ही-ई१० मध्ये आहे.

डीजेसमोर आवाजाची पातळी 'ऑटो'वर ठेवली की आवाज फाटतो. ती हाताने कमी करून ठेवावी लागते.

उलट बाजूही बघा : फोटोत काय अडतं?

व्हिडिओसाठी गाजलेल्या कॅमेऱ्यांत काटछाट फोटोच्या बाजूने असते. झेडव्ही-ई१० आणि झेड३० दोघांनाही डोळा लावून बघायची खिडकी नाही. दुपारच्या उन्हात फक्त पडद्यावर बघून फोटो काढणं जिकिरीचं होतं. २०२४ मध्ये आलेल्या झेडव्ही-ई१० च्या दुसऱ्या आवृत्तीत तर मेकॅनिकल शटरच नाही. व्हिडिओवाल्याला त्याचं काही वाटणार नाही, पण स्टुडिओत फ्लॅश लावून साडीचे कॅटलॉग फोटो काढणाऱ्यासाठी ती मोठी अडचण आहे.

फ्लॅशच्या बाबतीत कॅननमध्येही एक खाचखळगा आहे. १५००डी आणि २००डी मार्क टू यांच्या फ्लॅशच्या खाचेतली मधली पिनच कंपनीने काढून टाकली, त्यामुळे सगळ्या कंपन्यांना चालणारे साधे ट्रिगर त्यांच्यावर चालत नाहीत. आर५० वर जुने फ्लॅश लावायला वेगळा अॅडॅप्टर घ्यावा लागतो. ज्या स्टुडिओत काम करायचं आहे तिथला ट्रिगर सोबत नेऊन दुकानातच लावून बघावा.

मेगापिक्सेलची चिंता मात्र सोडून द्यावी. ४केची एक फ्रेम जेमतेम ८.३ मेगापिक्सेलची असते. २४ मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने छापला तरी वीस इंच रुंद होतो. अल्बमच्या पानाला तेवढा पुरतो.

सुरतचा उजेड आणि सुरतचं कापड

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला हे दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. उपाय सोपा आहे : मेन्यूत 'पाल' निवडायचं, २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करायचं आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं. कॅमेरा 'एनटीएससी'वर असला तर तो ३० किंवा ६० फ्रेमवर चालतो, शटर १/६० ला जातं आणि पट्टे येतात. लग्नातल्या एलईडी वॉलचा आणि डीजेच्या दिव्यांचा लुकलुकण्याचा वेग वेगळा असतो. तिथे शटर थोडं थोडं बदलून पट्टे कमी होतात का ते बघावं. डीजेचा लेझर थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर जळू शकतो. लेझर चालू असताना कॅमेरा त्याच्याकडे वळवू नये.

कापडाची अडचण निराळी. बारीक विणीच्या जाळीवर किंवा जॉर्जेटवर कधी कधी पाण्याच्या लाटांसारखे रंगीत पट्टे दिसतात. सेन्सरच्या ठिपक्यांची रांग आणि कापडाच्या धाग्यांची रांग एकमेकींवर आल्याने हे घडतं. अंतर किंवा कोन थोडा बदलला की बहुतेक वेळा ते जातात. ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळत नाहीत, फोटो मोठा करून बघावा लागतो.

जरीची गंमत अशी की थेट उजेड पडला तर ती पांढरी फटक दिसते, नक्षी हरवते. पांढऱ्या कापडातून किंवा सॉफ्टबॉक्समधून गाळलेला उजेड बाजूने द्यावा आणि एक्स्पोजर किंचित कमी ठेवावं. रंगासाठी खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र करू नये. सीआरआय ९५ किंवा त्याहून जास्त असलेले दिवे घ्यावेत आणि प्रत्येक बदलत्या उजेडात ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवावा. 'राणी' रंगाची साडी ग्राहकाला 'डाळिंबी' दिसली की ती परत येते आणि दुकानदार पुढचं काम दुसऱ्याला देतो. महागड्या बॉडीपेक्षा हे कार्ड आणि चांगला दिवा जास्त उपयोगी पडतात.

पैसे कसे वाटावेत

सगळी रक्कम बॉडीवर घालणं ही नेहमीची चूक. एकूण रकमेचा किमान एक तृतीयांश हिस्सा बाजूला ठेवावा. एक लाख हातात असतील तर बॉडी आणि किट लेन्स पासष्ट हजारांच्या आत बसवून उरलेल्यात ५० एमएम एफ/१.८ लेन्स, एक चांगला एलईडी, माइक, दोन जादा बॅटऱ्या आणि दोन कार्डं घ्यावीत.

५० एमएमच्या लेन्सचं नाव मुद्दाम घेतलं आहे. किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ पर्यंत आवळते. एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. संध्याकाळच्या हळदीत किंवा रात्रीच्या वरातीत हा फरक बॉडी बदलून मिळत नाही. पुढे लेन्स वाढवायच्या असतील तर सोनीच्या माउंटला इतर कंपन्यांच्या स्वस्त लेन्स भरपूर आहेत. कॅननच्या आरएफ माउंटला ऑटोफोकसवाल्या अशा लेन्स उशिरा यायला लागल्या. कॅननची एम मालिका कंपनीने बंद केली आहे. एम५० स्वस्तात मिळाला तरी त्या माउंटला कंपनीकडून नवीन लेन्स येणार नाहीत, हे धरून चालावं.

थोडक्यात वाटणी अशी करता येईल. रील आणि बोलते व्हिडिओ जास्त, फ्लॅशचे फोटो मधूनमधून, असं काम असेल तर झेडव्ही-ई१० ची पहिली आवृत्ती. लांबलचक विधी एका दमात घ्यायचे असतील तर झेड३०. फोटोचं काम निम्मं किंवा जास्त असेल आणि डोळ्याला खिडकी हवी असेल तर आर५०, पण ट्रिगरची खात्री करून. बजेट याच्या अर्ध्यावर असेल तर चांगल्या स्थितीतला जुना ८०डी. आणि काम अजून मिळालेलंच नसेल, फक्त रीलच करायचे असतील, तर हातातला मोबाइल, एक माइक आणि एक दिवा यांवर पहिले दोन महिने काढावेत. कॅमेरा कुठे पळून जात नाही.

बिल, वॉरंटी आणि जुना माल

सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. कंपनीची भारतातली वॉरंटी सुरतेत घेतली तरी नंदुरबार-धुळ्यात लागू असते, अट एवढीच की कॅमेरा अधिकृत विक्रेत्याकडचा आणि बिल पक्कं हवं. 'ग्रे'चा माल काही हजारांनी स्वस्त पडतो, पण त्यावर कंपनीची इथली वॉरंटी मिळत नाही. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. स्वतःची नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी नंबर घालून घ्यावा. नोंदणी महाराष्ट्रातली आणि खरेदी गुजरातेतली असेल, तर क्रेडिटचं काय होईल हे आधी सीएला विचारावं.

'झिरो कॉस्ट' हप्ता घेताना तोच कॅमेरा रोखीने कितीला मिळतो हे विचारावं. त्या दोन किमतींतला फरक आणि प्रोसेसिंग फी मिळून होतं ते तुमचं व्याज.

जुना कॅमेरा घेताना लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून आत बुरशीचे धागे आहेत का बघावेत. सुरतच्या पावसाळी दमट हवेत बुरशी लवकर धरते. शटर किती वेळा चाललं आहे तो आकडा काढून घ्यावा. माइकचं आणि एचडीएमआयचं भोक लावून तपासावं. बिलावरचा आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळतो का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घेतल्यावर कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा. कापडाच्या गोदामात उडणारा रेसा सेन्सरवर बसतो, म्हणून तिथे लेन्स बदलू नये.

दुकानातली दहा मिनिटं

पैसे देण्याआधी स्वतःचं कार्ड घालून दुकानातच एक चाचणी घ्यावी. आधी एका जागेवरून फोटो काढायचा, मग न हलता ४के सुरू करून चित्र किती आवळलं ते बघायचं. सोबतच्या माणसाला समोरून चालत यायला सांगून फोकस चेहऱ्यावर टिकतो का बघायचं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पट्टे येतात का, माइक लावून आवाज येतो का, आपला ट्रिगर फ्लॅश पेटवतो का, हे तपासायचं. घरून आणलेल्या एखाद्या जरीच्या साडीचा फोटो काढून तो मोबाइलवर घ्यायचा आणि साडी शेजारी धरून रंग जुळतो का ते पाहायचं.

आणि शक्यतो ही खरेदी चातुर्मासातच करावी. तुळशीच्या लग्नानंतर पहिली ऑर्डर येते, तेव्हा कॅमेऱ्याचा मेन्यू बोटांना पाठ झालेला असतो आणि त्याची खोड घरच्याच एखाद्या वाढदिवसात कळून चुकलेली असते. ऐन सीझनमध्ये घेतलेला नवा कॅमेरा पहिले धडे गिऱ्हाइकाच्या लग्नात शिकवतो, आणि त्या धड्यांची किंमत कुठल्याच बिलावर लिहिलेली नसते.